फुकटच्या डावात नाल कोण काढतं?

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी जानेवारीत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होतात. रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते, कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात आणि अभ्यासिकेतली पोरं आठ-दहा दिवस पोलीस भरतीची पुस्तकं मिटून मैदानावर असतात. मी त्या अभ्यासिकेच्या समितीवर आहे, म्हणून स्पर्धेच्या बैठकीलाही असतो. यंदा वर्गणी जमतच नव्हती. खरिपात अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं. कृषी सेवा केंद्रवाल्याची बियाण्याची उधारीच वसूल झाली नव्हती, तो टी-शर्टांना पैसे कुठून देणार? अशात पुण्याहून एक तरुण आला. नीटनेटका, बोलायला मऊ.

“सर, साठ हजार देतो. टी-शर्ट आमचे, बॅनर आमचं, मालिकावीराची सायकलही आमची.”

“जाहिरात कशाची?”

“पोकरची. मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ आहे, पण पूर्ण मोफत. पैशाचा संबंधच नाही, त्यामुळं ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा लागूच होत नाही.”

त्यानं पिशवीतून नमुन्याचा टी-शर्ट काढून टेबलावर पसरला. निळा रंग, छातीवर इस्पिकचा एक्का, त्याखाली नाव आणि नावाखाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के मोफत’. आमच्यातला एक जण, बी.ए. होऊन दोन वर्षं भरतीच्या मागं लागलेला, टी-शर्टचं कापड चाचपत म्हणाला, “सर, फ्री हे तर मग अडचण काय हे?”

प्रश्न सरळ होता आणि मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. दोन दिवस थांबू, एवढंच म्हणालो. नंतर विचार केला, वाचलं, तो खेळ स्वतः खेळून पाहिला. आता उत्तर देता येतं. खेळ फुकट असेल, जाहिरात फुकट नाही. साठ हजार रुपये कुणीतरी मोजतंय आणि ते त्याला कुठून तरी परत मिळणार आहेत. ते चिप्सच्या, म्हणजे खेळात पैशाऐवजी लावायच्या आभासी नाण्यांच्या, विक्रीतून किंवा कुठल्या तरी पैशाच्या टेबलावरून मिळणार असतील, तर त्या जाहिरातीला जुगाराच्या जाहिरातीचेच नियम लागले पाहिजेत. ‘मोफत’ हा शब्द तिला वाचवू शकत नाही.

मी पत्त्यांचा शत्रू नाही. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन खेळत वाढलो. लग्नघरी वऱ्हाड झोपल्यावर जानोशाच्या ओट्यावर रमीचा डाव बसायचा, त्यात मीही बसलो आहे. आणि तिर्रटही जवळून पाहिलं आहे. मराठवाड्यात तीन पत्त्यांच्या डावाला तिर्रट म्हणतात हे सांगायला नको, ‘तिर्रट नावाचा जुगार खेळताना अमुक जण ताब्यात’ ही बातमी इथल्या पेपरात वर्षभर असते. आमच्या गावाबाहेर एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तो डाव चालायचा. पटकुरावर पत्ते, मधे नोटा, कंदील. ज्याचा आखाडा तो गडी स्वतः कधी खेळायचा नाही. तो चहा करायचा, बिड्या आणून द्यायचा आणि प्रत्येक डाव जिंकणाऱ्याकडून ठरलेला हिस्सा काढून घ्यायचा. त्या हिश्श्याला नाल म्हणतात. रात्र संपली की जिंकलेला घरी जायचा, हरलेला घरी जायचा आणि दोघांच्या पैशातला मोठा वाटा नालेच्या डब्यात राहायचा. गावाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून बायका शिव्या द्यायच्या त्या खेळणाऱ्यापेक्षा आखाडेवाल्याला जास्त.

ही नाल डोक्यात ठेवून कायद्याकडं पाहिलं, की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा एक निकाल ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं ढालीसारखा धरला. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालायची, त्यावर धाड पडली आणि खटला गेला वरपर्यंत. खटला होता निजामाच्या काळापासून आलेल्या हैदराबाद जुगार कायद्याखाली, म्हणजे १९४८ पर्यंत आपला मराठवाडाही ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या कायद्याखाली. न्यायालय म्हणालं, रमी हा तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा याला अक्कल लागते. हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलं. पण त्याच निकालात पुढं आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. घराचा किंवा क्लबाचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावातून नफा काढतो असा पुरावा असेल, तर रमी असली तरी गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे न्यायालयानंही शेवटी नालेचाच प्रश्न विचारला होता. खेळ किती हुशारीचा आहे हे पाहून झाल्यावर आखाडा कुणाचा आणि डब्यात काय पडतं, हेही पाहायला सांगितलं होतं.

पुढं मोबाईल आले, आखाडा खिशात आला. कौशल्याचा खेळ या छत्राखाली रमी, पोकर, फँटसी क्रिकेट वाढलं. सरकारनंही त्यातून कर घेतला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूनं भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. जाहिराती तर विचारू नका. डिसेंबर २०२० पासून भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) नियमाप्रमाणं त्यात इशारा असायचा, की या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि त्याची सवय लागू शकते. टीव्हीवर तो इशारा ज्या वेगानं वाचला जायचा, त्या वेगात आमच्या आजीला तो कधीच कळला नाही.

मग ऑगस्ट २०२५ आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी, अशा तीन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. वर्षाला ४५ कोटी लोक या खेळांत सुमारे २० हजार कोटी रुपये घालवतात, असा सरकारचा अंदाज होता. कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला सारला. पैसे किंवा पैशासारखं काही लावून, बदल्यात पैसे मिळतील या आशेनं खेळला जाणारा ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. कंपन्या न्यायालयात गेल्या, पण दुकानं बंद झाली. ज्या कंपनीचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर होतं, तिनंही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि फुकटचा खेळ ठेवला.

त्याच कायद्यात दुसरं एक दार आहे. ज्यात काही लावायचं नाही आणि पैसे जिंकायचे नाहीत, निव्वळ करमणुकीसाठी आहे, असा खेळ सामाजिक खेळ ठरतो. त्याला मुभा आहे, प्रोत्साहनही आहे. लुडो, बुद्धिबळ, शब्दकोडी यांच्यासाठी हे दार असलंच पाहिजे. पुण्याहून आलेला तरुण आम्हाला त्याच दारातून पोकर आत घ्यायला सांगत होता.

म्हणून मी ते पोकर चार रात्री खेळलो. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात, मधे टेबलावर पाच पत्ते टप्प्याटप्प्यानं उघडतात आणि सातांतून पाचांचा सगळ्यांत चांगला हात ज्याचा, त्याची रक्कम. मधल्या प्रत्येक टप्प्यावर डाव वाढवायचा की पत्ते टाकायचे, हे ठरवायचं. खेळ सुंदर आहे, हे मान्य करतो. समोरचा थापा मारतोय की खरंच त्याच्याकडं पत्ते आहेत, हे ओळखण्यात डोकं लागतं.

पहिल्या रात्री मला १० लाख चिप्स फुकट मिळाल्या. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्या ३४ लाख झाल्या. पडद्यावर नाणी उडायची, नगारा वाजायचा, माझ्या नावापुढं ‘तज्ज्ञ’ असं लागलं. दोन रात्रींत तज्ज्ञ! तिसऱ्या रात्री मोठ्या टेबलावर बसलो आणि पाऊण तासात सगळं गेलं. मग पडदा काळा झाला आणि मधे घड्याळ आलं: पुढच्या मोफत चिप्स ३ तास ५२ मिनिटांनी. घड्याळाखाली हिरवं बटण होतं, ८९ रुपयांत २० लाख चिप्स, फक्त पुढची दहा मिनिटं. मी पन्नाशीचा माणूस, हे सगळं तपासायलाच बसलेलो, तरी माझा अंगठा त्या बटणाकडं गेला होता. चौथ्या रात्री टेबलावरच्या गप्पांच्या चौकटीत एकानं लिहिलं, की खऱ्या टेबलावर यायचं असेल तर या ग्रुपला या, आणि खाली टेलिग्रामचा पत्ता दिला.

हे दोन प्रसंग मला महत्त्वाचे वाटतात, कारण नाल या दोनच रस्त्यांनी निघते. पहिला रस्ता हिरव्या बटणाचा. कंपनी म्हणेल, चिप्सचे पैसे करता येत नाहीत, मग हा जुगार कसा? पण पैसे आत जातातच ना? आखाड्यावर निदान जिंकण्याची शक्यता होती. इथं पैसे फक्त आत जातात, बाहेर कधीच येत नाहीत. नव्या कायद्यात पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट हेही लावण्याच्या व्याख्येत धरलं आहे. तरी त्यातून काही मिळण्याची आशा असावी लागते, आणि या फटीतून हे खेळ निसटू पाहतात. अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापुढं आला होता. २०१८ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयानं म्हटलं, की अशा ॲपमधल्या आभासी चिप्स वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार मूल्यवान वस्तूच आहेत, कारण त्यांच्याशिवाय खेळ पुढं चालवता येत नाही. दोन वर्षांनी ते प्रकरण साडेपंधरा कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. फुकटच्या खेळातून किती नाल निघते, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

दुसरा रस्ता टेलिग्रामच्या पत्त्याचा, म्हणजे पैशाच्या टेबलाकडं नेणारा. हा रस्ता जुना आहे. २००३ मध्ये अमेरिकेत एका हौशी हिशेबनिसानं इंटरनेटवरून पात्र ठरून पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली, २५ लाख डॉलर मिळवले आणि ऑनलाइन पोकरची लाट आली. त्याच वर्षी तिथल्या न्याय खात्यानं वाहिन्यांना बजावलं, की ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती दाखवाल तर गुन्ह्याला मदत केल्याचा ठपका येऊ शकतो. मग पोकरच्या साईट्सनी काय केलं? नाव तेच ठेवलं आणि शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट नेट लावलं. डॉट नेटवर फुकट खेळ, शिकायची सोय, पैशाचा मागमूस नाही. टीव्हीवर, खेळाडूंच्या टोप्यांवर, शर्टांवर डॉट नेट झळकू लागलं. पाहणाऱ्याच्या डोक्यात फक्त नाव राहायचं, शेवटची तीन अक्षरं कोण लक्षात ठेवतं? २००६ मध्ये अमेरिकेनं अशा साईट्सशी होणारे पैशाचे व्यवहार रोखणारा कायदा केला आणि १५ एप्रिल २०११ ला बड्या पोकर साईट्सच्या संस्थापकांवर आरोप ठेवून डॉट कॉम पत्ते जप्त केले. तोवर आठ वर्षं फुकटच्या नावानं जाहिरात चालली होती.

आमच्या टेबलावरच्या निळ्या टी-शर्टवरचं नाव मी घरी येऊन शोधलं. त्याच नावाची, शेवटची अक्षरं तेवढी वेगळी असलेली, परदेशातून चालणारी एक पैशाची साईट निघाली.

हे काही आपल्याला नवं नाही. दारूच्या जाहिरातीला टीव्हीवर बंदी आली आणि त्याच नावाचा सोडा आला, पाण्याची बाटली आली, गाण्यांची सीडी आली. सोडा विकायला कुणी एवढा खर्च करत नाही हे शाळेतल्या मुलालाही कळायचं. त्यावर २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बंदी असलेल्या वस्तूची आडून जाहिरात करायला मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना आणि डिजिटल माध्यमांना सांगितलं, की सट्ट्याच्या परदेशी साईट्स बातम्यांच्या साईट्सचं रूप घेऊन जाहिराती करत आहेत, त्या घेऊ नका. म्हणजे युक्ती ओळखीची आहे आणि नियमही आहे. तो मोफत खेळाच्या जाहिरातीवर चालवायची तयारी तेवढी दिसत नाही.

“पण सर, फुकट खेळून शिकलं तर पुढं नुकसान कमी होईल,” असंही एका पोरानं म्हटलं. हा युक्तिवाद मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. पोकरमधलं सगळं कौशल्य पत्ते टाकून देण्यात आहे. दहातले सात-आठ हात चांगला खेळाडू टाकून देतो. ते टाकून द्यायचं धैर्य येतं, कारण लावलेला पैसा स्वतःचा असतो. फुकटच्या टेबलावर कुणीच काही टाकत नाही. जाऊन जाऊन काय जाणार? सगळे सगळं लावतात. अशा टेबलावर कुणीही दोन रात्रींत ‘तज्ज्ञ’ होतो. तिथं शिकायला काही मिळत नाही, अंगात बळ मात्र येतं, आणि तेच बळ घेऊन पोरगं पैशाच्या टेबलावर जातं. तिथं प्रत्येक डावातून साईट आपला टक्का कापते. समजा पाच टक्के. हजाराच्या डावात ५० रुपये. सहा जण रात्रभर खेळले तर कोण जिंकलं, कोण हरलं हे बदलेल, पण सहा जणांचे मिळून पैसे कमीच होत जाणार. आमच्या आखाड्यावरची नाल आणि ही नाल एकच.

अभ्यासही हेच सांगतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोफत कॅसिनो खेळ खेळणाऱ्या, पण पैशाचा ऑनलाइन जुगार न खेळणाऱ्या ४०९ जणांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. सुमारे २६ टक्के पैशाच्या जुगाराकडं वळले होते. आणि कोण वळेल याचा सगळ्यांत ठळक सुगावा होता, तो म्हणजे त्यांनी मोफत खेळात चिप्स विकत घेतल्या होत्या का. एका अभ्यासावर सगळं ठरवू नये, हे मला मान्य आहे. पण गूगलही आपल्या जाहिरात नियमांत या खेळांना लुडोच्या रांगेत बसवत नाही. पैसे न मिळणाऱ्या कॅसिनोसारख्या खेळांची जाहिरात तिथं जुगाराच्या धोरणाखाली येते, परवानगी घ्यावी लागते आणि ती अल्पवयीनांना दाखवता येत नाही. जाहिरात विकून पोट भरणाऱ्यालाही जो फरक कळतो, तो आपल्या नियमांत का नसावा?

मुंबई-पुण्यातल्या चर्चेत एक गोष्ट येत नाही, ती मला इथं बसून दिसते. गेल्या हंगामात नुकसानीचं अनुदान आलं, कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार. ते थेट खात्यात जमा होतं आणि ते चांगलंच आहे, मधला कारकून गेला. पण बापाच्या खात्याला नंबर जोडलेला असतो तो पोराचा. बापाच्या हातात बटणाचा फोन आणि पोराच्या हातात बापाच्या खात्याचा यूपीआय. दिवाळीनंतर बँकेत पासबुक छापायच्या रांगेत उभा होतो. पुढचे एक आजोबा पासबुक माझ्यापुढं धरून म्हणाले, “हे जरा बघा बरं सर, कामून कमी झाले?” वर अनुदानाची ओळ होती. खाली ८९, ८९, ४४९, ८९, मधे एका दिवशी तर एकाखाली एक पाच वेळा ८९. बेरीज दोन हजार सातशेच्या पुढं गेली. नातू बाहेर मोटारसायकलवर बसला होता. बोलावल्यावर आधी गप्प राहिला, मग म्हणाला, “जुगार नाही खेळलो सर. फ्री गेम हे.” तो खोटं बोलत नव्हता. जाहिरातीनं त्याला हेच सांगितलं होतं. आजोबांनी पासबुक घडी करून टोपीत ठेवलं आणि नातवाला एक शब्दही बोलले नाहीत.

त्या दोन हजार सातशेचा कुठंच गुन्हा नोंदवता येत नाही. तिर्रटवर धाड पडली तर पोलीस पटकुरावरच्या नोटा मोजून जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पंचनामा करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात नावं येतात. या पासबुकाचा पंचनामा कोण करणार?

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. राज्य सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवतं, त्याचं काय? आक्षेप खरा आहे, आणि लॉटरीच्या जाहिरातीलाही लगाम असावा असंच मी म्हणेन. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळं बंद केलं की लोक परदेशी साईट्सकडं जातात, एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, उतरवून घेतात, आणि तिथं तक्रार करायलाही कुणी नसतं. हे मला पटतं. म्हणूनच मी मोफत पोकर बंद करा म्हणत नाही. कुणाला घरी बसून खोट्या चिप्सनी डाव मांडायचा असेल, त्यानं खुशाल मांडावा. माझं म्हणणं जाहिरातीपुरतं आहे, कारण ज्यानं पोकर कधी शोधलंही नसतं त्याच्या दारात ते जाहिरातच आणून उभं करते.

आणि दारात म्हणजे अगदी दारात. चालू घडामोडींचा मराठी व्हिडिओ लावा, मधे पत्ते. सोयाबीनचा भाव बघायला बाजारभावाचं ॲप उघडा, खाली पत्ते. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेलं ते बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लातूरला तर त्यावरून सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांच्या पुढ्यात एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते टाकले आणि मारहाणीपर्यंत गोष्ट गेली. राजकारण ज्याचं त्यानं करावं. पण जाहिरात कुठं संपते आणि डाव कुठं सुरू होतो हे विधिमंडळात बसून वाद घालण्याएवढं अवघड झालं असेल, तर दहावीच्या मुलाकडून ते ओळखायची अपेक्षा आपण कशी करतो?

तेव्हा नियम सोपा हवा. ज्या खेळात चिप्स विकत मिळतात, त्याच्या जाहिरातीत ‘मोफत’ हा शब्द वापरता येऊ नये. ज्या नावाची पैशाची साईट देशात किंवा परदेशात कुठंही आहे, ते नाव मोफत खेळाच्या जाहिरातीत येऊ नये, शेवटची अक्षरं काहीही असोत. खेळात पैसे टाकायची सोयच नसेल, तर त्याची जाहिरात करायला माझी काही हरकत नाही. फक्त तिथंही जाहिरात देणाऱ्याचं खरं नाव आणि त्याची कमाई कशातून होते, हे मराठीत वाचता येईल अशा अक्षरात असावं. मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातच मनाई आहे. परीक्षेच्या, शाळेच्या व्हिडिओवर तर असलं काहीच येऊ नये. आणि इशारा द्यायचाच असेल तर तो कोरडा नको, सोबत १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर हवा. तिथं मराठीत, फुकट, खरोखरच्या फुकट, बोलता येतं. जुगाराची अनावर सवय हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो आहे. आमच्याकडं अजून त्याला नाद म्हणतात आणि नाद लागलेल्याला घरातून बाहेर काढतात.

जबाबदारी एकट्या सरकारची नाही. जिल्ह्याच्या पेपरनं, यात्रेतल्या कुस्तीच्या फडानं, गणेश मंडळानं, यूट्यूबवर दोन-तीन लाख लोक ज्याचं ऐकतात त्या आपल्याच बोलीत बोलणाऱ्या पोरानं जाहिरात घेण्याआधी एकच विचारावं: भाऊ, नाल कोण काढतं? ज्या टेबलावर टी-शर्ट पसरला होता तिथंच मी हे विचारायला हवं होतं.

दोन दिवसांनी तो तरुण परत आला तेव्हा विचारलं. चिप्स विकता का? “ते ऑप्शनल आहे सर.” या नावाची पैशाची साईट कुणाची? “ती वेगळी कंपनी आहे.” मालक वेगळे आहेत का? यावर तो म्हणाला, विचारून सांगतो. आम्ही नाही म्हणालो. समितीत एकमत नव्हतं, पाच विरुद्ध चार असं झालं, आणि बी.ए. झालेल्या त्या पोरानं जाहिरातीच्या बाजूनं हात वर केला होता. माझा त्याच्यावर राग नाही. साठ हजार रुपये म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

स्पर्धा झाली. पोरांनी प्रत्येकी शंभर रुपये काढले, टी-शर्ट झाले नाहीत, सायकलही नाही. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्या पोरानं मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. शेजारच्या तालुक्यातल्या स्पर्धेचा होता. दोन्ही संघ ओळीनं उभे होते आणि बावीसच्या बावीस जणांच्या छातीवर इस्पिकचा एक्का होता.